आंबिलीचा पाचवा गिलास

आमच्या संघात मी दोन नंबरची गोलकीपर होते. म्हणजे नेमकं काय, हे माझ्या मायला पहिले दोन महिने कळलं नाही, आणि समजावून सांगायची मला लाज वाटायची. बाकीच्या जागांवर बदली खेळाडू सारखे आत-बाहेर होत असतात. कुणी दमलं की दुसरी जाते. गोलकीपर काही दमत नाही. तिचं हाड मोडावं लागतं, नाहीतर तिला लाल कार्ड मिळावं लागतं. तोवर दुसरीनं हातमोजे घालून बाकावर बसायचं आणि पहिलीचं सगळं बरं चाललंय यात आनंद मानायचा.

लीग बायकांची, दुसऱ्या दर्जाची. वरच्या लीगमधल्या पोरी विमानानं फिरतात म्हणे. आम्ही हुबळीला, बेळगावला, मंगळूरला बसनं जायचो आणि उतरल्यावर अर्धा तास आमचे गुडघे सरळ होत नसत. संघ कलबुर्गीचा. मालकाची तूरडाळीची गिरणी, म्हणून जर्सीचा रंगसुद्धा डाळीचाच. धुऊन धुऊन ती वरणासारखी पातळ पिवळी झाली. पण करार खरा, पगार खरा, हॉस्टेलमधली कॉट खरी. सही केली तेव्हा मला एकतिसावं चालू होतं. त्या वयाला लोक फुटबॉल सोडतात, मी नोकरीला लागले.

तेसुद्धा एकाच हंगामासाठी. जूनपासून अफजलपूरच्या एका शाळेत पीटीची बाई म्हणून रुजू व्हायचं नक्की झालं होतं. म्हणजे खेळणं संपलंच. मला त्या आधी एक मॅच खेळायची होती. एकच, पण पूर्ण नव्वद मिनिटांची, आणि ती मायनं बघायला हवी होती. शाळेत, कॉलेजात मी पुष्कळ खेळले, पण कुठं कुठं लांब. शेत आणि म्हशी सोडून माय कधी आली नाही. आता निम्म्या मॅचेस कलबुर्गीतच होत्या. आमच्या मादन हिप्परग्याहून आळंद, आळंदहून कलबुर्गी, दोन बस बदलून ती घरच्या प्रत्येक मॅचला यायला लागली. आणि मी बाकावर.

पहिल्या मॅचनंतर ती तडक माझ्यापाशी आली. तिचा चेहरा काळजीनं उतरला होता.

“बाकीच्या पोरी पळायल्यात, तू कामून बसायलीस? काय चुकी केलीस सांग.”

मी सांगितलं, चुकी नाही, मी दुसरी आहे. तिला पटलं नाही. ती आमच्या कोच सरांकडं गेली. सर मंगळूरकडचे. माय कानडी मराठीइतकीच फाडफाड बोलते, तेव्हा भाषेची अडचण नव्हती, आणि तेच माझं दुर्दैव. दुसऱ्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले की तुझ्या आईची विनंती आलीय, खेळवायचं नसेल तर निदान उभं तरी करा. पोरी लोळून हसल्या. पण सर माणूस भला. पुढच्या मॅचपासून सरावाच्या वेळी ते मला मुद्दाम पाण्याच्या टाकीकडच्या बाजूला उभं करायचे, कारण माय त्या टाकीच्या सावलीत बसायची. मी पाच-सहा चेंडू अडवायचे, माय टाळ्या वाजवायची, मग मी जाऊन बसायची.

गावात तिनं माझी अब्रू व्यवस्थित सांभाळली. आमची लेक साहेबीण हाय, पोरी पळत्यात, ती बसून बघती, असं ती सांगायची. लोकांनाही ते पटलं. बसून पगार मिळतो म्हणजे पोरगी मोठ्या हुद्द्यावर असणार, यात आमच्या गावाला शंका नव्हती. हळूहळू मायला खेळही कळायला लागला. डिसेंबर येईपर्यंत ती टाकीखालून रेफरीला ऑफसाइड शिकवत होती, तेही कानडीत, म्हणजे त्याची पळून जायची सोयच नाही.

आता पहिलीबद्दल सांगते. ती मणिपूरची, बावीस वर्षांची, मला ‘अक्का’ म्हणायची. आमची खोली एकच. तिचा राग यावा म्हणून मी मनापासून धडपडले, पण जमलं नाही. भाकरी थापायला शिकली आणि पहिली भाकरी मला आणून दिली. ती नकाशातल्या श्रीलंकेसारखी झाली होती. माझे हातमोजे स्वतःच्या मोज्यांबरोबर धुऊन वाळत घालायची, आणि मी ते वापरतच नाही हे कधी बोलून दाखवायची नाही. खेळायची तर अशी की बघत राहावं. बाकावरून मीच पहिली टाळी वाजवायची, आणि मग स्वतःवर चिडायची.

शिवाय निरोगी. बाई गं, काय निरोगी. हंगामात एकीचा गुडघा गेला, एकीचा घोटा, एकीला तर कांजिण्या आल्या. हिला साधी शिंक नाही. एकदा बेळगावला पुढची पोरगी बूट घेऊन तिच्या बरगड्यांवर आदळली. मी मोजे घट्ट करून उभीसुद्धा राहिले. ही उठली, कपडे झटकले आणि हसली. मी पुन्हा खाली बसले. देवा, मला हिचं वाईट नकोय, पण जरासं काहीतरी होऊ दे, असं मी म्हणायची. जरासं म्हणजे किती, ते देवालाही सांगता आलं नसतं.

आमचा हंगाम तसा बेताचाच. हरलो जास्त, बरोबरी बऱ्याच, जिंकलो ते थोडं. एक मॅच तर समोरच्या पोरीनं स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू मारला म्हणून जिंकलो आणि त्या विजयाचे पेढे तीन दिवस खाल्ले. शेवटी अशी वेळ आली की घरच्या शेवटच्या मॅचला निदान बरोबरी हवी, नाहीतर संघ खालच्या लीगमध्ये. माझ्या दृष्टीनं तीच मायसमोरची शेवटची मॅच होती. त्यानंतरची एक होती, पण ती मंगळूरला.

ज्यांनी वेळापत्रक केलं त्यांनी ही मॅच ठेवली येळवसच्या दुसऱ्या दिवशी. आमच्याकडच्या माणसानं हे केलं नसतं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या सीमेवरच्या पट्ट्यात त्या दिवशी कुणीही घरात सापडत नाही. गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची खोप घालायची, पूजा करायची, भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांचं कालवण, बाजरीचे उंडे, खीर, आंबील पोटभर खायची आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. शहरसुद्धा ओस पडतं. त्या दिवशी सकाळी आमच्या हॉस्टेलची स्वयंपाकीणबाई तिच्या शेतात, खानावळ बंद, चहाची टपरी बंद. सर गेटपाशी उभे राहून रिकामा रस्ता बघत होते. कुणी बंद पुकारलाय, दगडफेक होईल का, असं त्यांनी मला हळूच विचारलं.

मायचा हुकूम आधीच आला होता की अख्खी टीम घेऊन ये. शेतात पाव्हणा यायचा आणि उपाशी राहायचा, असं तिच्या शेतात होत नसतं. सर आधी नाही म्हणाले, उद्या मॅच आहे. पण बावीस पोरी बिस्किटांवर कशा ठेवणार? टेम्पो केला आणि आम्ही निघालो.

ज्वारी छातीएवढी उभी होती, हरभऱ्याला घाटे धरले होते, पोरी तुरीतून धावत सुटल्या. सरांनी सगळ्यांना गोळा करून बजावलं की हलकं खायचं, पोट अर्धं ठेवायचं, उद्या चार वाजता खेळायचंय. मायनं अगदी आदरानं मान डोलावली आणि मग ते काही बोललेच नाहीत असं समजून वाढायला घेतलं. तासाभरानं सर स्वतःच चौथी भाकरी भज्जीत कुस्करत होते. त्यानंतर ते चिंचेखाली आडवे झाले आणि गळ्यातल्या शिट्टीसकट घोरायला लागले.

आंबील वाढायचं काम माझ्याकडं होतं. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, तीन दिवस माठात आंबलेली. आमच्या माणसाला दोन गिलासांत बांधावर झोप लागते, नव्या पोटाचं काय होईल ते कुणी सांगावं. आणि तिचा एक नियम आहे. गिलास रिकामा झाला की भरायचा. पाहुणा ‘नको’ म्हणाला तरी भरायचा, कारण तोंडानं नको म्हणणं ही नुसती रीत असते. खरंच नको असेल तर त्यानं गिलासावर तळहात आडवा धरायचा. मग मात्र एक थेंबसुद्धा ओतायचा नाही. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, पाळण्यापासून कळतं.

आमच्या मणिपूरच्या पहिलीला हे कसं कळणार? आणि तिच्या घरची शिस्त उलटी. कुणी प्रेमानं दिलेलं पेल्यात ठेवायचं नाही, असं तिच्या आजीनं तिला शिकवलं होतं. तिनं मला हे खोलीतच सांगितलं होतं, माझा करपलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत पिताना. म्हणजे बघा, ती रिकामा करणार आणि मी भरणार. यातून दोघींना सोडवेल असं तिथं एकच माणूस होतं, आणि ती मी.

पहिला गिलास मी आनंदानं दिला. दुसराही. तिसऱ्याला ती “बस अक्का, बस” म्हणाली. हात काही आडवा धरला नाही. मी सवयीनं ओतला. तिनं तो संपवला आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की हिला नियम माहीत नाही. एवढंच सांगायचं होतं, हात ठेव गं वर. एक वाक्य. खरं सांगते, तिसऱ्यापर्यंत मी यजमानीण होते. चौथ्याला माझ्या मनात मॅच आली. मी चौथा भरला. पाचवा तर काठोकाठ. तिनं माझ्याकडं बघून एक मोठा श्वास घेतला, सगळा प्यायली, वरच्या ओठावर पांढरी मिशी घेऊन हसली आणि आंबील फार छान आहे असं म्हणाली. सहाव्याला माठच संपला, नाहीतर मी काय केलं असतं कोण जाणे.

परतीच्या टेम्पोत ती माझ्या खांद्यावर अशी झोपली की हॉस्टेलला तिला दोघींनी धरून उतरवलं. सकाळी तिचा रंग राखेसारखा झाला होता आणि ती संडास आणि कॉट यांच्यात हेलपाटे घालत होती. डॉक्टर येऊन गेले, काळजीचं काही नाही, साखर-मिठाचं पाणी द्या, पण आज उभी राहायची नाही म्हणाले. सर दारात उभे होते. स्वतःचंही पोट धरून. त्यांनी माझे हातमोजे खुंटीवरून काढून माझ्या हातात दिले. सगळ्या हंगामात ज्याची वाट बघितली ते असं आलं, न बोलता.

मी जिन्यात जाऊन मायला फोन लावला. माय, आज मी खेळायलेय, चार वाजता.  मला वाटलं, आता रडेल. पण तिनं विचारलं, पहिलीला काय झालं. मी म्हणाले, पोट बिघडलंय. किती प्याली होती, तिनं विचारलं. प्याली असेल दोन-तीन गिलास, मी म्हणाले. बरं, येते, म्हणून तिनं फोन ठेवला.

चार वाजता मैदानात उतरले आणि आधी टाकीकडं बघितलं. सावली होती, माय नव्हती. येळवसच्या दुसऱ्या दिवशी बसला माणसं लोंबकळत असतात, उशीर झाला असेल, असं म्हणून मी गोलमध्ये जाऊन उभी राहिले.  तीन महिने मी बाकावरून सगळ्यांना अक्कल शिकवलेली, आणि पहिलाच साधा चेंडू हातातून सुटला. नशीब, आमच्याच पोरीनं लांब मारला. दहाव्या-बाराव्या मिनिटाला कॉर्नर आला, मी वाघिणीसारखी बाहेर झेपावले आणि मुठीत नुसती हवा आली. मागं जाळी हलली. मी टाकीकडं बघितलं. एकवार वाटलं, बरं झालं माय नाही.

मग मला माझाच राग आला, आणि राग आला की मी बरी खेळते, हे माझं लहानपणापासूनचं आहे. एक चेंडू बोटांच्या टोकानं वर ढकलला. एक पायानं अडवला. ओरडून ओरडून बचावातल्या पोरींचे कान किटवले. दुसऱ्या भागात आमच्या एकीनं गर्दीतून कसाबसा गोल ठोकला आणि बरोबरी झाली. अगदी शेवटी त्यांची सगळ्यात वेगवान पोरगी एकटी माझ्यावर चालून आली. मी पुढं गेले, पसरले, आणि तिनं मारलेला चेंडू थेट माझ्या तोंडावर बसला. नाकातून रक्त आलं, पण चेंडू बाहेर गेला. शिट्टी वाजली. संघ लीगमध्ये राहिला. पोरींनी मला उचललं, दोनदा पाडलं, पुन्हा उचललं. एवढी खूश मी क्वचितच झाले असेन. आणि त्या खांद्यांवरूनही मी टाकीकडंच बघत होते. तिथं दोन शेळ्या बसल्या होत्या.

चिडूनच मी हॉस्टेलला आले. दार ढकललं तर माय खोलीत. पदर खोचून खाली बसलेली, मांडीवर ताकभाताची ताटली, आणि माझी मणिपूरची पोरगी लहान मुलीसारखा तोंडाचा आ करून घास घेत होती. खोली पुसलेली, बादली घासलेली, चादरी धुऊन बादलीत ठेवलेल्या. आम्ही दोनला मैदानाकडं गेलो आणि माय अडीचलाच आली होती, आणि स्टँडवरून तडक इथं.

मी भडकले. हंगामभर मला बसलेली बघायला दोन-दोन बस बदलून आलीस, आणि आज खेळले तर इथं भात भरवत बसलीस, असं काय काय बोलले. नाकात कापूस होता, त्यामुळं तेही नीट येईना.

माय शांत होती. “माझ्या शेतात जेवलेली पाव्हणी पडलीय,” ती म्हणाली. “तिला टाकून तिकडं टाळ्या वाजवू का?”

 पहिलीनं मधेच, काय झालं मॅचचं, म्हणून विचारलं. बरोबरी, मी म्हणाले. किती गोल खाल्लेस? एक. कसा? कॉर्नरवर, हवेत मूठ मारली. ती पोट धरून हसली, आई गं म्हणून कळवळली, पुन्हा हसली. मग मला राहवलं नाही. मी तिच्या कॉटवर बसले आणि सगळं सांगितलं. तळहाताचा नियम सांगितला, आणि तिसऱ्यानंतर तो मला आठवत होता तरी मी भरत राहिले, हेही.   मग कॉटखालची चप्पल काढून तिनं मला मारली आणि म्हणाली की चौथ्यापासून तिला वाटत होतं, हे लोक पाहुण्याला आंबील पाजून मारतात की काय. दुसरी चप्पल मारायची तिची ताकद नव्हती. अक्का, पुढच्या मॅचला मीच खेळणार, असं बजावून ती भिंतीकडं तोंड करून झोपली. माझ्यावरचं ओझं निम्मं उतरलं.

मग मी आणि माय चादरी घेऊन गच्चीवर गेलो. ऊन कललं होतं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, अशी आम्ही चादर पिळायला लागलो. फोनवर मी दोन-तीन म्हणाले ते खोटं होतं, मी तिला सांगितलं. पाच दिले मी.

“ठावं हाय मला,” माय म्हणाली. “चुलीपासून मोजत व्हते मी. वाटलं, आता सांगशील, आता सांगशील.”

मला तिच्याकडं बघवेना. पायांशी पाणी गळत होतं. एवढं दिसत होतं तर तू का नाही थांबवलंस, मी विचारलं.

 तिनं चादरीला आणखी एक पीळ दिला.

“मला बी तुला खेळताना बघायचं व्हतं की,” ती म्हणाली. “म्हून तर आज मैदानाकडं गेले न्हाई.”